त्वचेचा कर्करोग आणि प्रतिकारपेशी : पुरावा पाश्चात्त्य, रुग्ण भारतीय

ओरत्तनाडु (जि. तंजावर, तमिळनाडू) : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भातशेतीच्या पट्ट्यात वसलेल्या ओरत्तनाडु परिसरात एखाद्या शेतमजुराच्या तळपायावर काळा डाग उमटला आणि तो हळूहळू पसरू लागला, तर त्याची दखल कोण आणि केव्हा घेईल? चिखलात अनवाणी राबणाऱ्या पायाला कुरूप, भेगा, बुरशी आणि मधुमेहाच्या जखमा नवीन नसतात. त्यामुळे हा डाग मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा सर्वांत आक्रमक प्रकार असू शकतो, ही शंका घरच्यांना येत नाही आणि अनेकदा पहिल्या डॉक्टरांनाही येत नाही. शंका येते तेव्हा जांघेत गाठ आलेली असते.

याच आजारावरील उपचारांत गेल्या पंधरा वर्षांत मोठे परिवर्तन घडले आहे. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींना कर्करोगाविरुद्ध उभे करणाऱ्या 'इम्युनोथेरपी'ने प्रगत मेलॅनोमाच्या रुग्णांना काही महिन्यांऐवजी अनेक वर्षांचे आयुष्य मिळवून दिले. तथापि, या उपचारांमागील पुरावा प्रामुख्याने युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील गोऱ्या त्वचेच्या, उन्हाने होरपळलेल्या रुग्णांवरून उभा राहिला आहे. भारतात त्वचेचा कर्करोग शरीराच्या वेगळ्या जागी, वेगळ्या कारणांनी आणि वेगळ्या परिस्थितीत होतो. त्यामुळे परदेशात सिद्ध झालेले औषध, तेथील मात्रा आणि तेथील किंमत जशीच्या तशी स्वीकारणे भारताला कितपत परवडेल, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

नोंदीची परंपरा

ओरत्तनाडुचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या मार्गावरील या गावी तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी १८०२ मध्ये मुक्तांबाळ यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ छत्र उभारले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठा राज्यात अशा छत्रांची साखळीच होती. त्यांत अन्न व निवारा यांबरोबर शिक्षणाची आणि औषधपाण्याचीही सोय असे. छत्रांचा कारभार आपल्याकडेच राहावा, यासाठी सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तेथे नेमलेल्या वैद्यांचाही उल्लेख आहे.

याच राजाने तंजावरात 'धन्वंतरी महाल' ही वैद्यकीय संस्था चालविली. तेथे पारखून घेतलेले उपचार तमिळ पद्यात बांधून ठेवण्यात आले. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून त्यांच्या आजाराची आणि उपचारांची नोंद ठेवण्याची त्यांची पद्धत वैद्यकाच्या इतिहासकारांना आजही महत्त्वाची वाटते. आपल्यासमोरच्या रुग्णाला काय झाले आहे, हे आधी नीट पाहावे आणि लिहून ठेवावे, ही त्यामागील भूमिका होती. भारतातील त्वचेच्या कर्करोगाविषयी जे थोडे मूलभूत ज्ञान आज हाती आहे, तेही याच मार्गाने आले आहे.

त्वचा : प्रतिकारपेशींचे मोठे ठाणे

त्वचेकडे सर्वसाधारणपणे शरीराचे बाह्य आवरण म्हणून पाहिले जाते. प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती पहाऱ्याची सर्वांत गजबजलेली जागा आहे. बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असलेल्या पाउल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी शोधल्या. त्यांना त्या मज्जापेशी वाटल्या होत्या. प्रत्यक्षात त्या प्रतिकारपेशी असल्याचे शंभराहून अधिक वर्षांनी स्पष्ट झाले. जंतू किंवा बिघडलेली पेशी यांचे तुकडे उचलून ते लसिकाग्रंथीपर्यंत नेणे आणि तेथील टी पेशींना त्यांची ओळख पटवून देणे, हे या लांगरहान्स पेशींचे मुख्य काम आहे.

टी पेशी म्हणजे प्रत्यक्ष हल्ला करणारे दल. बोस्टनमधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या त्वचेत सुमारे दोन हजार कोटी टी पेशी असतात. ही संख्या रक्तात फिरणाऱ्या टी पेशींच्या जवळपास दुप्पट आहे. त्यांच्या जोडीला नैसर्गिक मारक पेशी, भक्षक पेशी आणि मास्ट पेशी असतात. या प्रतिसादाला आवर घालणाऱ्या 'नियामक टी पेशी'ही तेथेच असतात. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून हा आवर आवश्यक असतो. या नियामक पेशींच्या शोधाबद्दल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

हा पहारा किती प्रभावी असतो, याचे एक उदाहरण पशुवैद्यकात सापडते. ओरत्तनाडु येथे तमिळनाडू पशुवैद्यकीय व प्राणिविज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाव्या लागणाऱ्या त्वचेच्या गाठींमध्ये तरुण कुत्र्यांना होणाऱ्या 'हिस्टिओसायटोमा'चा समावेश असतो. ही गाठ लांगरहान्स पेशींचीच असते. ती झपाट्याने वाढते आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत वा महिन्यांत कोणत्याही औषधाविना विरून जाते. विरत्या गाठीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ती टी पेशींनी भरलेली दिसते.

याउलट पहारा दुबळा झाला तर काय होते, हेही ज्ञात आहे. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागणाऱ्या गोऱ्या रुग्णांत त्वचेच्या 'स्क्वॅमस पेशी' कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. अतिनील किरणांचा परिणामही दुहेरी असतो. ते पेशींच्या डीएनएला इजा करतात आणि त्याच वेळी त्वचेतील लांगरहान्स पेशी घटवून नियामक पेशींना बळ देतात. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्गारेट क्रिप्के यांनी १९७० च्या दशकात उंदरांवर केलेले प्रयोग या संदर्भात पायाभूत ठरले. अतिनील किरणांमुळे झालेल्या गाठी निरोगी उंदरांत रुजत नव्हत्या. आधीच किरणे दिलेल्या उंदरांत मात्र त्या सहज वाढत होत्या.

लगाम सैल करणारी औषधे

टी पेशींच्या पृष्ठभागावर त्यांना थांबविणारे काही रेणू असतात. त्यांपैकी 'सीटीएलए-४' आणि 'पीडी-१' हे दोन सर्वाधिक अभ्यासले गेले आहेत. कर्करोगाच्या पेशी 'पीडी-१'ची कळ दाबून टी पेशींना निष्क्रिय करतात. प्रतिपिंडाच्या साहाय्याने ही कळ झाकली तर टी पेशी पुन्हा कामाला लागतात, हे जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांच्या संशोधनातून पुढे आले. त्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कल्पनेची पहिली मोठी कसोटी मेलॅनोमावरच झाली. 'इपिलिमुमॅब' या औषधाला अमेरिकेत मार्च २०११ मध्ये मान्यता मिळाली. २०१४ मध्ये 'पेम्ब्रोलिझुमॅब' आणि 'निवोलुमॅब' ही 'पीडी-१'रोधक औषधे आली. त्यापूर्वी शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्मे रुग्ण वर्षभरही जगत नसत. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या निष्कर्षांत दिसले. कर्करोगाच्या उपचारांत इतका मोठा बदल क्वचितच घडतो.

पुढच्या टप्प्यावर रुग्णाच्या गाठीतील टी पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा शरीरात सोडण्याच्या 'लिफिल्युसेल' या उपचाराला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये परवानगी मिळाली. अन्य उपायांनी दाद न दिलेल्या मेलॅनोमाच्या सुमारे तीनपैकी एका रुग्णात त्यामुळे गाठी लक्षणीय प्रमाणात आकसल्या. या उपचाराची घोषित किंमत मात्र पाच लाख डॉलरहून अधिक आहे.

या औषधांचे दुष्परिणामही त्यांच्या कार्यपद्धतीतूनच उद्भवतात. लगाम सैल झालेल्या टी पेशी आतडे, यकृत, फुप्फुस किंवा थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करू शकतात. मेलॅनोमाच्या काही रुग्णांना उपचारादरम्यान कोड येते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या निरोगी पेशी आणि मेलॅनोमाच्या पेशी एकाच कुळातील असल्याने टी पेशी दोन्हींवर तुटून पडतात. अशा रुग्णांचे आयुर्मान अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. भारताच्या दृष्टीने आणखी एक बाब दुर्लक्षित करता येणार नाही. 'पीडी-१' रोखल्यावर सुप्त क्षयरोग उफाळून आल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. क्षयरोगाचे ओझे मोठे असलेल्या देशात हे औषध सुरू करण्यापूर्वीची तपासणी आणि नंतरची देखरेख अधिक काटेकोर असणे क्रमप्राप्त ठरते.

तळपाय, कंबर आणि जुना व्रण

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्यकिरणांपासून बऱ्यापैकी संरक्षण देते. त्यामुळे देशात मेलॅनोमाचे वार्षिक प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. ऑस्ट्रेलियात ते लाखामागे तीसहून अधिक आहे. मात्र भारतात आढळणाऱ्या मेलॅनोमात तळपाय, तळहात आणि नखाखालील प्रकाराचा वाटा मोठा असतो. वैद्यकीय भाषेत त्याला 'ॲक्रल मेलॅनोमा' म्हणतात. ख्यातनाम गायक बॉब मार्ले यांचा १९८१ मध्ये मृत्यू झाला तो पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालेल्या याच प्रकारामुळे.

ॲक्रल मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो आणि त्याचे परिणाम थेट उपचारापर्यंत पोहोचतात. उन्हामुळे झालेल्या मेलॅनोमाच्या पेशींत हजारो जनुकीय बदल असतात. बदल जितके अधिक, तितकी ती पेशी टी पेशींना परकी वाटण्याची शक्यता अधिक. ॲक्रल प्रकारात असे बदल खूप कमी असतात. त्यामुळे टी पेशींचा लगाम सैल केला, तरी त्यांना शत्रू ओळखणे कठीण जाते. या रुग्णांत 'पीडी-१'रोधक औषधांना मिळणारा प्रतिसाद लक्षणीय कमी असल्याचे आशियाई देशांतील अनुभवावरून दिसले आहे. दहा वर्षांनी ४३ टक्के रुग्ण हयात, हा आकडा त्यामुळे भारतीय रुग्णाला जसाच्या तसा सांगता येत नाही.

दुसरा भारतीय प्रकार दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांशी आणि व्रणांशी संबंधित आहे. त्याची एक ठळक नोंद मुंबईत झाली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख आणि भारतीय विकृतिशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात भारतीय चालीरीतींशी निगडित कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन केले. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळून नेसल्याने कमरेवर होणारा कर्करोग त्यांत होता. 'धोती कॅन्सर' हे नाव पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाले.

या नोंदीला जवळपास ऐंशी वर्षे झाल्यानंतर, २०२४ मध्ये वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश नियतकालिकात अशाच दोन वृद्ध महिलांची माहिती प्रसिद्ध केली. एकीच्या कमरेवर परकराच्या नाडीच्या जागी दीड वर्ष न भरलेली जखम होती. दुसरीने सुमारे चाळीस वर्षे आत परकर न घालता लुगडे घट्ट नेसले होते आणि तिचा कर्करोग जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचला होता. दोघींनाही स्क्वॅमस पेशींचाच कर्करोग होता. मूळ दोष परकराचा किंवा लुगड्याचा नाही. एकाच रेषेवर वर्षानुवर्षे पडणारा दाब, घर्षण, त्यातून होणारी जखम आणि त्या जखमेकडे होणारे दुर्लक्ष, ही त्यामागील साखळी आहे.

भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा कुष्ठरोग्याच्या पायावरील जुनाट जखमेत होणारा कर्करोगही याच गटातील आहे. त्याचे स्पष्टीकरण देणारी एक मांडणी प्रतिकारपेशींशी जोडलेली आहे. व्रणाच्या टणक ऊतीत रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या कमी असतात. परिणामी तेथे बिघडलेल्या पेशींची खबर लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचत नाही आणि टी पेशींनाही तेथवर वाट मिळत नाही.

मुंबईतील दोन प्रयोग

भारतीय रुग्णांसाठी भारतीय पुरावा उभा करण्याचे प्रयत्न मुंबईत झाले आहेत. त्यांपैकी एकाचे मूळ थेट मेलॅनोमात आहे. मुंबई आयआयटीतील प्राध्यापक राहुल पुरवार यांनी त्याआधी बोस्टनमध्ये संशोधन करीत असताना 'इंटरल्यूकिन-९' हे रसायन स्रवणाऱ्या टी पेशींचा अभ्यास केला होता. या पेशी उंदरांतील मेलॅनोमाची वाढ रोखतात, त्या निरोगी माणसाच्या त्वचेत व रक्तात आढळतात आणि पसरलेल्या मेलॅनोमाच्या गाठीत मात्र अत्यल्प किंवा मुळीच नसतात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवून दिले.

पुरवार यांच्या गटाने पुढे टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने टी पेशींत जनुकीय बदल घडवून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला लावणारा 'नेक्सकार-१९' हा उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील अशाच उपचारांच्या तुलनेत त्याची किंमत सुमारे एक दशांश आहे. हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. त्वचेच्या किंवा अन्य घन गाठींवर या तंत्राला अद्याप अपेक्षित यश आलेले नाही. तरीही प्रतिकारपेशींवर आधारित उपचार देशात घडवता येतो आणि तो तुलनेने स्वस्तात देता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरा प्रयोग औषधाच्या मात्रेचा आहे आणि व्यापक परिणामांच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा ठरू शकतो. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोके व मान या भागांतील प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्या रुग्णांना तोंडावाटे घेण्याची स्वस्त औषधे दिली गेली. उर्वरित रुग्णांना त्याच औषधांसह दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा दिली गेली. या औषधाची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. एका वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. हे निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकेतील 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाले.

इतक्या अल्प मात्रेचा परिणाम का झाला असावा, याचे उत्तरही टी पेशींत आहे. टी पेशींवरील 'पीडी-१'ची बहुतांश ठाणी औषधाच्या बऱ्याच कमी मात्रेतही व्यापली जातात, असे या औषधाच्या आरंभीच्या चाचण्यांतच दिसले होते. त्यापलीकडे मात्रा वाढविल्याने खर्च वाढतो, लाभ त्या प्रमाणात वाढतोच असे नाही. अर्थात या चाचणीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी झालेली नाही. शिवाय डोके व मान यांचा कर्करोग आणि त्वचेचा स्क्वॅमस कर्करोग एकाच जातीच्या पेशींतून होत असले, तरी ते दोन वेगळे आजार आहेत. मेलॅनोमाबाबत, विशेषतः ॲक्रल प्रकाराबाबत, असा निष्कर्ष थेट काढता येणार नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचण्या कराव्या लागतील आणि त्या भारतातच होणे आवश्यक आहे. पूर्ण मात्रेच्या विक्रीवर ज्यांचा नफा अवलंबून आहे, त्या कंपन्यांनी अल्प मात्रेच्या चाचण्यांना पैसा पुरवावा, अशी अपेक्षा वास्तवाला धरून होणार नाही. हा भार सार्वजनिक निधीलाच उचलावा लागेल.

किंमत आणि कालावधी

केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात कर्करोगावरील तीन औषधांना सीमाशुल्कातून पूर्ण सूट दिली. प्रतिकारशक्तीवर काम करणारे 'डर्वालुमॅब' त्यांत होते. त्याच वर्षी कर्करोगाच्या काही औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. हे निर्णय स्वागतार्ह असले, तरी मूळ किंमतच लाखांत असताना कराच्या काही टक्क्यांनी सामान्य कुटुंबाचे गणित बदलत नाही.

अधिक मोठा फरक स्पर्धेमुळे पडू शकतो. निवोलुमॅबच्या भारतातील पेटंटची मुदत मे २०२६ पर्यंत होती. त्यापूर्वीच झायडस कंपनीने तयार केलेल्या जैवसमरूप औषधावरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी मूळ कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये खंडपीठाने तो उठविला. जैवसमरूप औषधांची स्वस्त किंमत आणि अल्प मात्रा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर आज मूठभरांना परवडणारा उपचार जिल्हा पातळीवरील रुग्णालयाच्या आवाक्यात येऊ शकेल.

कालावधीबाबतचा अलीकडील पुरावाही भारतासारख्या देशाला अनुकूल आहे. शस्त्रक्रियेने काढता येण्याजोग्या मेलॅनोमात पेम्ब्रोलिझुमॅबच्या १८ पैकी तीन मात्रा शस्त्रक्रियेपूर्वी दिल्यास अधिक लाभ होतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळले. दोन वर्षांनंतर अशा गटातील ७२ टक्के रुग्ण आजार न उलटता वा बळावता राहिले होते. सर्व मात्रा शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या गटात हे प्रमाण ४९ टक्के होते. गाठ शरीरात असतानाच टी पेशींना तिची पूर्ण ओळख पटते, हे त्यामागील कारण मानले जाते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या दोन मात्रांना उत्तम प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांचे पुढील औषधच थांबविण्यात आले आणि असे रुग्ण निम्म्याहून अधिक होते. योग्य वेळी दिलेल्या थोड्या मात्रा वर्षभराच्या मात्रांचे काम करू शकतात, याचे हे द्योतक आहे.

त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे. आजार शरीरभर पसरल्यानंतर शस्त्रक्रियेपूर्वीच्या औषधाचा हा पर्यायच उरत नाही.

तळपाय पाहणार कोण?

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी केली जाते. या तिघांचे प्रमाण पाहता हा क्रम योग्यच आहे. त्वचेच्या कर्करोगासाठी स्वतंत्र मोहीम उभारणे भारतात व्यवहार्य नाही आणि तशी गरजही नाही. मात्र त्वचा पाहण्यासाठी आरोग्य कर्मचारी आजही घरोघरी जातात. कुष्ठरुग्ण शोध अभियानात महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आशा कार्यकर्त्या अंगावरील चट्टे तपासतात. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' योजनेत मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना घरपोच औषधे दिली जातात. ओरत्तनाडुसारख्या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांपर्यंत जाणारी ही यंत्रणा तयार आहे.

तिच्या कामात दोन प्रश्नांची भर घालणे फार खर्चाचे ठरणार नाही. तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग आहे का? कमरेवर, जुन्या व्रणावर किंवा पायावर महिना-दोन महिने उलटूनही न भरलेली जखम आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असल्यास मलम बदलत बसण्याऐवजी त्या जागेचा लहानसा तुकडा तपासणीस पाठविणे आवश्यक असते. बायोप्सीची ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयासारख्या संस्थांत असते. सुरुवातीच्या अवस्थेत बहुतेक त्वचा कर्करोग केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात आणि अशा रुग्णाला महागड्या औषधाची गरजच पडत नाही.

पाठोपाठ नोंद यायला हवी. देशातील कर्करोग नोंदणीत त्वचेच्या कर्करोगाची जागा, जुन्या व्रणाशी असलेला संबंध आणि मेलॅनोमाचा उपप्रकार यांची सविस्तर माहिती जमा झाली, तर किती रुग्णांचा आजार ॲक्रल आहे, कितींचा जुनाट जखमेतून उद्भवला आणि कोणत्या उपचाराला कोणी दाद दिली, हे ठरविता येईल. प्रतिकारपेशींवरील पुढील औषधे, रुग्णागणिक वेगळ्या बनविल्या जाणाऱ्या एमआरएनए लसींसह, आज परदेशात चाचणीच्या प्रगत टप्प्यावर आहेत. ती भारतात येतील तेव्हा येथील तळपायावरच्या मेलॅनोमावर त्यांचा उपयोग होतो की नाही, हे विचारण्यासाठी आधाराला आकडे लागतील.

खानोलकरांनी १९४५ मध्ये कमरेवरच्या जखमेची नोंद केली नसती, तर धोतराची गाठ आणि कर्करोग यांचा संबंध आणखी कित्येक वर्षे लक्षात आला नसता. टाटा रुग्णालयाने २० मिलिग्रॅमची चाचणी केली नसती, तर पूर्ण मात्रा परवडत नाही म्हणून रुग्णाला या औषधाविनाच घरी पाठविण्याखेरीज डॉक्टरांपुढे पर्याय नव्हता. दोन्ही वेळी परदेशातील पुस्तकात नसलेला प्रश्न येथील डॉक्टरांनी येथील रुग्णाकडे पाहून विचारला होता. तळपायावरच्या काळ्या डागाबाबत असा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.